झाकण न उघडता परत केलेली वाटी

॥ श्री मोरया ॥
काळेवाडी, गुरुवार, दुपारची भांडी उरकल्यावर

ती. जाईआक्का,

धाकट्या जावेचं डोकं तुमच्या पायांवर टेकवून आधी खुशाली विचारते. तुमचा डावा गुडघा कसा आहे? एरंडेल गरम करून चोळता का, की बाटली तशीच कपाटात ठेवून डॉक्टरला नावं ठेवता? मोठ्या भाऊजींची साखर उतरली असेल अशी आशा करते (नसेल उतरली तर कोपऱ्यावरच्या जिलेबीवाल्याकडे चौकशी करावी, मी काही बोलत नाही). इकडे आम्ही सगळे मोरयाच्या कृपेने बरे आहोत. आमच्या ह्यांची या आठवड्यात पहिली शिफ्ट आहे. स्वप्नालीची परीक्षा तोंडावर आली आहे, म्हणजे ती दिवसभर आरशासमोर उभी असते.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, काळेवाडी ते पुनावळे रिक्षाने अर्धा तास, आणि ही बया पत्र काय लिहिते! पण आक्का, आज अठरा दिवस झाले, तुम्ही माझा फोन उचलत नाही. मी ह्यांच्या फोनवरून केला, स्वप्नालीच्या फोनवरून केला, खालच्या गिरणीवाल्याच्या फोनवरूनसुद्धा केला (त्याने वर दोन किलो ज्वारी दळायला लावली). माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता. पत्र काही मध्येच ठेवून देता येत नाही. फाडता येतं, पण त्याच्याबरोबर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आहे, आणि डबा हातात असताना माणसाला कागद फाडायला दोन्ही हात मोकळे नसतात, असा माझा अंदाज. स्वप्नालीचं कॉलेज ताथवड्याला, तुमच्या शेजारीच, म्हणून तिच्या हाती पाठवते आहे. कागद ह्यांच्या कंपनीतले आहेत, एका बाजूने कोरे. मागच्या बाजूला लाल शाईत ‘रिजेक्ट’ असा शिक्का दिसेल, तो नट-बोल्टांसाठी आहे, माझ्या पत्राला लागू नाही.

तर तुमच्या लेखाखाली मी जो शेरा लिहिला त्याची माफी मागायला हे पत्र. एवढं लिहून सही केली असती तर कागद वाचला असता. पण नुसती माफी मागितली तर तुम्हाला वाटेल, ही मुद्दाम लिहून आता सारवासारव करते आहे. मुद्दाम नाही हो आक्का. मी जे केलं ते मुद्दाम करण्यापेक्षा वाईट आहे, आणि ते कसं झालं हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी अक्षरओसरीवर गोष्ट लिहायला लागले ते तुम्हाला ठाऊकच आहे, कारण मी ते सगळ्यांना सांगितलं (दूधवाल्यालाही). स्वप्नालीने फोनमध्ये ते अॅप घालून दिलं आणि म्हणाली, आई, तू भाजी निवडताना बोलतेस ना, तेच यात लिही, म्हणजे मला ऐकावं लागणार नाही. मी ‘पाणी आलं की सांगा’ ही कादंबरी सुरू केली. आपल्याच गल्लीची गोष्ट, चार बिऱ्हाडं, एक नळ. पहिल्या भागाला तीन दिवसांत दोन तारे आले. दोन माणसांनी एक एक दिला असेल असं मी धरून चालले. नंतर कळलं की एकाच माणसाने पाचांपैकी दोन दिले होते. म्हणजे त्याला गोष्ट आवडली नव्हती, आणि मी त्या आनंदात शिरा केला होता.

आता माझा पहिला गाढवपणा ऐका. गोष्ट वाचून झाली की खाली पाच तारे येतात, आपण हवे तेवढे दाबायचे. मला वाटलं, हे तारे माझ्या खात्यातून जातात. रिचार्जसारखे. म्हणून मी फार जपून वापरायचे. कुणाची गोष्ट कितीही रडवून गेली तरी एक तारा, अगदीच उमाळा आला तर दीड द्यावा असं वाटायचं, पण अर्धा मोडून मिळत नाही. एका बाईने तिच्या मुक्या मुलाची गोष्ट लिहिली होती. मी पदर ओला होईस्तोवर रडले आणि एक तारा दिला. तिने खाली विचारलं, ताई, काय कमी पडलं? मी लिहिलं, काही नाही हो, गोष्ट सोन्यासारखी आहे, पण महिनाअखेर आहे. शेवटी स्वप्नालीच्या लक्षात आलं. ती जमिनीवर बसून हसली आणि म्हणाली, “अगं आई, फुकट आहेत ते! दे की पाच पाच!”

फुकट म्हटल्यावर माझा हात सुटला. त्यात तुम्हाला माझी सवय माहीत आहे. शेजारणीची वाटी आली तर ती रिकामी परत करायची नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर, दोन मिरच्या, पण वाटीच्या तळाला काहीतरी असलंच पाहिजे. सासूबाईंनी आपल्या दोघींना हेच शिकवलं, आणि तुम्ही तर त्यात माझ्या पुढे. (आठवतं का, गावाकडे भूमला असताना तुम्ही मला कढी दिली, मी वाटीत वड्या घालून पाठवल्या, तुम्ही वड्यांच्या वाटीत चिवडा, मी चिवड्याच्या वाटीत लोणचं, आणि ती वाटी मूळची कुणाची यावरून आपलं भांडण झालं.) मी ताऱ्यांनाही तोच नियम लावला. ज्याने मला पाच दिले त्याला पाच परत. ज्याने चार दिले त्यालाही पाच, म्हणजे त्याला लाज वाटून पुढच्या खेपेला तो पाच देईल. कुणाची वाटी यायची राहिली, कुणाला परत करायची राहिली, हे डोक्यात मावेना म्हणून किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर नावं लिहायला लागले.

त्यातच चाकणचा ज्ञानेश भेटला. हा मुलगा एका गोदामात मोजणीला आहे आणि भुताच्या गोष्टी लिहितो. त्याने ‘तारांगण’ नावाचा ग्रुप काढला होता. त्यात पंचाहत्तर लेखक. रोज सकाळी सगळ्यांनी आपापल्या गोष्टी तिथे टाकायच्या आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी सगळ्यांना पाच पाच तारे द्यायचे. वाचायचं कधी, असं मी पहिल्या दिवशी विचारलं. ज्ञानेश म्हणाला, “मावशी, वाचायला वाचक आहेत ना. आपण लेखक आहोत.” मला ते पटलं, हे लिहितानासुद्धा कान गरम होतात.

पण नुसते तारे दिले तर कोरडं वाटतं, खाली दोन शब्द पाहिजेत. पंचाहत्तर जणांना दोन दोन शब्द म्हणजे माझा स्वयंपाक कोण करणार? म्हणून स्वप्नालीने फोनमध्ये तीन वाक्यं तयार करून ठेवली. पहिलं, ‘वाचून खूप मजा आली, पुढचा भाग लवकर येऊ द्या.’ दुसरं, ‘अंगावर काटा आला.’ तिसरं, ‘डोळ्यांत पाणी आलं, ताई.’ बोट लावलं की अख्खं वाक्य उमटतं. ती मी फिरवून फिरवून वापरायचे, ताटात चटण्या वाढतात तशी, एकीला पहिली, दुसरीला दुसरी, कुणाला वाटायला नको की हिच्याकडे एकच चटणी आहे. कुणाच्या पानात काय आहे ते बघायची गरजच पडत नव्हती. एका पुरुषाला ‘पाणी आलं, ताई’ गेलं, त्या बिचाऱ्याने खाली ‘आभारी आहे, ताई’ असं लिहिलं. एकाने पावभाजीची कृती लिहिली होती, तिला अंगावर काटा गेला.

आता त्या दिवसाचं सांगते. सोमवार होता. गॅसवर दूध, एका हातात फोन, दाराशी भंगारवाला. ज्यांच्या वाट्या परत करायच्या राहिल्या होत्या त्यांत एक नवं नाव होतं, ‘अंबूची लेक’. या बाईने माझ्या सगळ्या एकतीस भागांना मिळून पाच तारे दिले होते आणि खाली दहा ओळी लिहिल्या होत्या. त्या दहा ओळी मी वाचल्या नाहीत. फक्त तारे मोजले आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग त्या बाईच्या घरी गेले, म्हणजे तिच्या पानावर. तिथे एकच लेख होता. मथळा होता, ‘आई गेली त्याला आज वर्ष झालं.’

आक्का, मी मथळासुद्धा वाचला नाही. अंबूबाई हे तुमच्या आईचं नाव, ज्या माउलीने माझ्या बाळंतपणात तीन महिने डिंकाचे लाडू पाठवले, तिचं नाव माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मी दुधाकडे बघत होते. खरं तर त्या खेपेला तिसऱ्या वाक्याची पाळी होती. ते पडलं असतं तर आज तुम्ही मला ‘जयमाले, किती गं मनापासून लिहिलंस’ म्हणाला असता, आणि मी ते घेतलंही असतं. पण दूध उतू गेलं, मी फुंकर मारायला वाकले, भंगारवाला म्हणाला ताई, रद्दी आहे का, आणि माझं बोट सरकलं. पाच तारे. ‘वाचून खूप मजा आली, पुढचा भाग लवकर येऊ द्या.’

तासाभराने तुमचा फोन आला. मी कणीक मळत होते, कोपराने बटण दाबून स्पीकरवर घेतला. तुम्ही एवढंच म्हणालात, “मजा आली का गं, माझी आई मेल्याची?” आणि ठेवला. आक्का, मी तशीच कणकेच्या हातांनी उभी. मला आधी वाटलं की राँग नंबर लागला. मग स्वप्नालीने शोधून काढलं आणि मोठ्याने वाचायला लागली, आणि दुसऱ्या ओळीला थांबली. तिने फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली.

संध्याकाळी आमचे हे आले. ह्यांचं काम तुम्हाला माहीत आहे, कंपनीत तपासणीला आहेत, प्रत्येक पेटीतला माल हातात घेऊन बघायचा आणि मग ओकेचा शिक्का मारायचा. मी सगळं सांगितलं. वाटलं, दोन समजुतीचे शब्द बोलतील. ह्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “पेटी न उघडता ओके मारलास. आमच्याकडे अशाला गेटपास देऊन घरी पाठवतात.” रात्रभर गेटपास हा शब्द माझ्या कानात.

दुसऱ्याच दिवशी चिंचवडला मोरया गोसावींच्या देवळात गेले (पायी, रिक्षाचे वाचवले, पण तेवढंच प्रायश्चित्तही झालं). देवाला हात जोडून सांगितलं की यापुढे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय एक तारा देणार नाही, आणि जे वाटेल तेच लिहीन. देवासमोर बोलायला काही लागत नाही. घरी येऊन ज्ञानेशची गोष्ट उघडली तेव्हा कळलं आपण काय पत्करलंय. त्याच्या गोष्टीत एक भूत आहे, ते जुन्या कारखान्यात नाईट शिफ्टला येतं आणि पहाटेपर्यंत काम करून जातं. मी सगळे सव्वीस भाग वाचले. दोन तारे दिले आणि खाली लिहिलं, ‘चि. ज्ञानेश, भूत रोज ओव्हरटाइम करतं तर त्याचा पगार कोण उचलतं ते कुठेच आलेलं नाही. दहाव्या भागात त्याला पाय नाहीत आणि चौदाव्यात ते सेफ्टी शूज घालून येतं. बाकी कॅन्टीनचं वर्णन फार आवडलं.’ पाच मिनिटांत त्याचा फोन. “मावशी, असं कसं करता तुम्ही? आपलं ठरलंय ना!” मी म्हटलं, अरे, मी वाचली. तो म्हणाला, “वाचायला कुणी सांगितलं होतं?”

मला ग्रुपमधून काढलं. त्या रात्रीत चौदा जणांनी आपापले तारे परत नेले. वाटी परत नेणं ऐकलं होतं, वाटीतली वडी परत नेलेली पहिल्यांदा पाहिली. आणि त्याच आठवड्यात तुम्ही तुमच्या पाचाचे दोन केलेत, आणि खाली नवीन लिहिलंत, ‘लेखिकेने स्वतः तरी वाचली आहे का?’ त्याबद्दल तक्रार नाही, पुढे सांगते.

मागच्या रविवारी मी स्वतः आले होते, हे तुम्हाला कळलं का ठाऊक नाही. तुमच्या सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनने वर फोन लावला, तुम्ही उचलला नाही. मी म्हटलं बसते. तो लातूरकडचा म्हातारा आहे, त्याने मला आपली खुर्ची दिली आणि स्वतः कट्ट्यावर बसला. मी तासभर बसले. तेवढ्या वेळात त्याने पाच वेळा फोन लावला. मग मी डबा उघडून त्याला दोन लाडू दिले. तो म्हणाला, “एक नंबर झालेत, माय.” मी म्हटलं, काका, खरं सांगा, माझी शपथ. त्याने दुसरा लाडू सावकाश खाल्ला आणि म्हणाला, “गूळ जरा जास्त पडलाय. अन् दाणे करपलेत थोडे.” आक्का, इतकी वर्षं मी लाडू करते, घरातल्या कुणी हे सांगितलं नाही. घरी येऊन एक लाडू तोंडात टाकला. दाणे खरंच करपले होते. सोबतच्या डब्यातले नवे आहेत.

आता तुमच्या लेखाबद्दल. तो मी तीनदा वाचला. एकदा तुम्ही रागावलात म्हणून, एकदा लाजेने, आणि तिसऱ्यांदा तशी काही गरज नव्हती, नुसताच वाचावासा वाटला म्हणून. मोरयाला शब्द दिलाय, तेव्हा जे वाटलं ते लिहिते, राग आला तर अठराचे छत्तीस दिवस करा.

आई बार्शीच्या एसटीत कोंबडी घेऊन चढते, कंडक्टर म्हणतो कोंबडीचं अर्धं तिकीट पडेल, आई तिकीट काढते आणि मग म्हणते, ‘तिकीट घेतलंस ना, मग बसायला जागा दे तिला,’ आणि बार्शीपर्यंत कोंबडी खिडकीपाशी बसून जाते आणि तुम्ही लहानपणी उभ्याने, तिथे मी हसले. तोंडात पदर कोंबून हसले, मग अपराधी वाटलं आणि पुन्हा हसले. हे माझ्या हातून लिहून झालं नसतं. मी एकतीस भागांत एकही माणूस असा उभा केला नाही, आणि तुम्ही कोंबडी उभी केली. म्हणजे बसवली.

दोन गोष्टी मात्र मला खटकल्या. तुम्ही लिहिलंय की आई गेली त्या दिवशी ‘तू जेवलीस का’ असं कुणी विचारलं नाही. मी विचारलं होतं, आक्का. मागच्या दारी, चहा आणि खारी घेऊन उभी होते. तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला आठवत नसेल, आणि आठवायची ती वेळही नव्हती. ते वाक्य बदलू नका. लेखात ते तसंच बरं दिसतं. मी फक्त तुम्हाला सांगून ठेवलं. दुसरी गोष्ट शेवटच्या चार ओळींची. ‘आई म्हणजे मंदिराचा कळस’ वगैरे. त्या कुठल्याही बाईने कुठल्याही आईबद्दल लिहिल्या असत्या, कळसाला काय, तो एसटीत चढत नाही. त्या काढून टाका आणि त्याच्या आधी थांबा, जिथे तुम्ही आईची पत्र्याची पेटी पुनावळ्याला आणता, फ्लॅटमध्ये पलंगाखाली सरकवता, आणि वर्ष झालं तरी उघडत नाही. किल्ली देवघरात, आणि तुम्ही रोज दिवा लावताना ती बघता. इथे माझ्या हातातली सुरी थांबली. गवार चिरत होते.

म्हणून मी माझे पाच तारे काढून घेतले आणि चार दिले आहेत. आधीचे पाच वाऱ्यावर दिले होते, हे चार तुम्हाला दिलेत. आणि तो शेरा पुसून टाकला. त्या जागी काही लिहिलेलं नाही. जे लिहायचं ते तिथे चारचौघांत नको, म्हणून इथे लिहिते. चुकले, आक्का. मी तुमच्या वाटीचं झाकण न उघडता ती वरच्या वर परत पाठवली. सासूबाई असत्या तर त्यांनी मला उंबऱ्यातच उभं केलं असतं.

मोठ्या भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला एरंडेल गरम करूनच लावा.

तुमची धाकटी जाऊ,
जयमाला मारुतराव

ता. क. लाडवांचा डबा रिकामा परत आला तरी चालेल. हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे, पण खरंच चालेल. डबा मात्र परत करा, स्टीलचा आहे.

ता. क. दुसरा. सहज आठवलं म्हणून लिहिते. अक्षरओसरीची स्पर्धा सोमवारी बंद होते. सरासरी साडेचारच्या वर असेल तर कादंबरी पुढच्या फेरीत जाते आणि निवडलेल्या दहांचं छापील पुस्तक निघतं. माझी सरासरी ४.४६ वर अडकली आहे. स्वप्नालीने हिशेब करून सांगितलं की तुमच्या दोनाचे पुन्हा पाच झाले तर बरोबर ४.५१ होते. मी काही म्हणत नाही. हिशेब काय, तो कुणीही करतो.

ता. क. तिसरा. आज शुक्रवार. वरचा मजकूर काल स्वप्नालीने वाचला आणि म्हणाली, आई, मग हे पत्र तू यासाठी लिहिलंस का? मला फार लागलं. खोडणार होते, पण खोडलं तर तुम्ही उजेडात धरून वाचाल, मी ओळखते तुम्हाला. म्हणून राहू दे. त्याऐवजी रात्री बसून मी तुमच्या त्या पहिल्या दहा ओळी वाचल्या, ज्यांना मी नुसते हात जोडले होते. तुम्ही लिहिलं होतं की बाराव्या भागात सुमनचं बाळंतपण झालं आणि एकोणिसाव्यात ती पुन्हा पहिलटकरीण आहे, आणि नळावरच्या भांडणात चारी बायका एकाच आवाजात बोलतात, आणि त्या चारी मीच आहे. हे सगळं लिहूनही तुम्ही पाच दिले होते. मग मी माझी कादंबरी पहिल्या भागापासून वाचून काढली. पहिल्यांदाच. तुमचे दोन बरोबर आहेत. हात लावू नका त्यांना. माझा एक तारा मीच कमी केला असता, पण स्वतःला देता येत नाहीत.

ता. क. शेवटचा, कागद संपला म्हणून शिक्क्याच्या बाजूने लिहिते. येत्या रविवारी अकरा वाजता मी तुमच्या गेटवर आहे. वॉचमनकाका फोन लावतील, तो उचला, एवढंच मागणं आहे, बाकी पत्रात जे काही मागितलं असेल ते सोडून द्या. पेटी एकटीला उघडवत नसेल तर मी शेजारी बसेन. बोलणार नाही (प्रयत्न करीन). उघडावीशी वाटली नाही तर नुसती पलंगाखालून बाहेर ओढू, फरशी पुसू आणि परत ठेवू. आणि त्या दिवशी मी तुमच्या लेखाखाली जे न वाचता लिहिलं होतं, तेच आज पूर्ण वाचून, दूध गॅसवरून उतरवून, हात पुसून लिहिते.

वाचून खूप मजा आली, आक्का. पुढचा भाग लवकर येऊ द्या.